लग्नाच्या कामाला प्राइम लेन्स? मी तरी पिशवीतून काढून टाकल्या

शटरबहाद्दर:
इतकी वर्षं लग्नं २४-७० मिमीच्या झूम लेन्सवर काढली (आकडा लहान तितकं फ्रेममध्ये जास्त मावतं, मोठा तितकं जवळ दिसतं). यंदा प्राइमचं, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सचं, भूत डोक्यात शिरलं आणि मागच्या महिन्यात एका मित्राच्या लग्नाला कॅमेऱ्याच्या बॉडीवर ८५ एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), खिशात ३५ असा गेलो. नवरा-नवरी स्टेजवरून उतरायला लागले. सगळे घरचे एका फ्रेममध्ये यावेत म्हणून ३५ लावायला मान खाली घातली. लेन्स बसल्याचा ‘कट्’ आवाज आला, मान वर केली, तर नवरीचे वडील चष्मा पुन्हा नाकावर चढवत होते. चष्मा काढून डोळे पुसले तो क्षण माझ्याकडे नाही. चढवतानाचा आहे, आणि तो पाहून कुणाला काही कळणार नाही.

तेव्हापासून ठरवलं, २४-७० एफ २.८ आणि ७०-२०० एफ २.८, बास. प्राइमवाले सांगतात, ‘पायांनी झूम करा’. पाय टाकायचे कुठे? पुढे व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड, मागे खुर्च्यांची रांग, दोन्ही बाजूंना मोबाइल उंचावलेले पाहुणे. पटत नसेल तर भांडा.

उजेडवेडी:
भांडते. तुमचा क्षण प्राइमने नाही घालवला, एका बॉडीने घालवला. माझ्या एका खांद्यावर ३५, दुसऱ्यावर ८५, दोन वेगळ्या बॉडींवर. कार्यक्रम चालू असताना मी लेन्स काढतच नाही, त्यामुळे सेन्सरवर धूळही बसत नाही. आणि खरं सांगू का, एकच बॉडी घेऊन दुसऱ्याच्या लग्नाला जायची माझी छाती होणार नाही. ती मध्येच रुसली तर काय सांगणार घरच्यांना?

आता उजेडाचं. एफ २.८ वरून एफ १.४ म्हणजे दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड. संध्याकाळी हॉलमधले दिवे मंद केले की तुमचा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १२८०० आणि माझा ३२००, शटर दोघांचं सारखंच. स्टॅबिलायझेशनचं नाव काढू नका. ते तुमचा हात सावरतं, समोर नाचणाऱ्याचा नाही.

शटरबहाद्दर:
ताई, दोन बॉडींचा मुद्दा मान्य, तिथे मी चुकलो. पण त्याच दोन बॉडींवर दोन झूम लावले तर २४ पासून २०० पर्यंत सगळं हाताशी येतं. तुमच्याकडे ३५ आणि ८५, मधे मोकळं मैदान.

चौपट उजेडाचा हिशेबही पुरा करा. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५, एफ १.४, माणूस दोन मीटरवर असेल तर फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम साडेचार सेंटिमीटर. नवरीने मान जराशी तिरकी केली की एक डोळा लख्ख, दुसरा पिठासारखा. नवरा-नवरी शेजारीशेजारी पण थोडे पुढेमागे असतील तर दोघांतला एक गेलाच. म्हणजे दोघांच्या फोटोला तुम्हीही एफ २.८ वर येणारच. मग तो एफ १.४ पिशवीत शोभेला?

राहिले आयएसओ वाढवला की फोटोत येणारे दाणे. एप्रिल २०२३ मध्ये अडोबीच्या लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये दाणे काढणारं नवं डीनॉइज आलं. तेव्हापासून रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल असेल तर आयएसओ ६४०० ला मी घाबरत नाही.

उजेडवेडी:
६४०० ला मीही घाबरत नाही. १२८०० ला केसांच्या बटा डीनॉइजनंतर मेणाच्या दिसतात, त्याला घाबरते. आणि एफ १.४ रोजच्या जेवणातलं मीठ नाही हो, अडीअडचणीला लागतं. एकटा माणूस, खिडकीत उभा, मागे गोंधळ, अशा वेळी. गरज पडली की एफ १.४ ची लेन्स एफ २.८ वर आणता येते, उलटं करून दाखवा.

मधलीरांग:
दोघंही उजेडावर भांडताय आणि वर लटकलेल्या दिव्यांकडे कुणी बघत नाहीये. वीज ५० हर्ट्झची असेल तर बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. त्यात सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर चालू ठेवून वेग वाढवला की फोटोवर आडवे पट्टे. मी एकदा अख्खा तास असा वाया घालवलाय, मागच्या स्क्रीनवर छोट्या फोटोत दिसलंही नाही. आता अशा हॉलमध्ये यांत्रिक शटर आणि १/१०० वर येतो. मग एफ १.४ मुळे मिळालेला वेग वापरता येतच नाही, फक्त आयएसओ खाली येतो.

छत पांढरं आणि बेताच्या उंचीवर असेल तर फ्लॅश वर मारा, एफ ४ सुद्धा पुरतो. छत काळं किंवा फार उंच असेल तर उजेडवेडीताईंचं खरं.

जुनाट_रोल:
नवीन मुलं वाचत असतील म्हणून मधेच बोलतो. वरचे सगळे आकडे फुल फ्रेमचे आहेत. क्रॉप सेन्सर, म्हणजे त्याहून लहान, १.५ पटीचा असेल तर ५० ची लेन्स साधारण ७५ सारखी वागते आणि २४-७० होते ३६-१०५. ग्रुप फोटोला पाठ भिंतीला टेकते, तरी कडेचा मामा कापला जातो. त्या मुलांसाठी सिग्माची १८-३५ एफ १.८ २०१३ पासून आहे. झूम आहे आणि उजेडही देते, म्हणजे तुमचं निम्मं भांडण तिथेच मिटतं. फुल फ्रेमवाल्यांना टॅमरॉनची ३५-१५० एफ २-२.८ आहे. एका लेन्समध्ये लग्न निघतं, पण वजन साधारण ११६५ ग्रॅम, वर बॉडी वेगळी. माझ्या मनगटाने दुपारीच राजीनामा दिला होता.

उजेडवेडी:
शटरबहाद्दर, एक काम कराल? जुन्या लग्नांचे २४-७० वर काढलेले फोटो फोकल लेंथप्रमाणे लावून बघा. मधल्या ३५, ४०, ५० वर किती आहेत ते इथे प्रामाणिकपणे सांगा. माझा अंदाज, रिंग एकतर या टोकाला असते नाहीतर त्या.

शटरबहाद्दर:
काल रात्री तीन लग्नं लावून पाहिली. बोलायची सोय ठेवली नाहीत तुम्ही. निम्म्याहून जास्त फोटो एकतर नेमके २४ वर, नाहीतर नेमके ७० वर. ७० वाल्यांत बरेच असे आहेत की अजून जवळ हवं होतं आणि रिंग संपली.

२४ वाले त्याहून वाईट. ग्रुप फोटोत जागा पुरावी म्हणून सगळे २४ वर काढले, आणि दोन्ही कडेच्या माणसांची डोकी बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखी झालीत. एका काकांचं डोकं तर आडव्या भोपळ्यासारखं. अल्बम देऊन वर्ष झालं, ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर मला फोटो काढू देत नाहीत त्याचं कारण आता कळलं. भर म्हणून काही ग्रुप मी एफ २.८ वर काढलेत, मागची रांग मऊ. तिथे एफ ५.६ तरी हवाच होता, त्यात झूम-प्राइमचा संबंध नाही, माझाच आळस.

तरीही ७०-२०० वर मी ठाम आहे. स्टेजजवळ जाऊ देत नाहीत तेव्हा तुमची ८५ लांबून फक्त पाठी काढते.

उजेडवेडी:
७०-२०० घ्या की, मी कुठे अडवलंय. पण लांबून काढलेल्या फोटोत माणसं भिंतीपलीकडून बघितल्यासारखी वाटतात. ३५ घेऊन तासभर त्यांच्यात वावरलं की ती मला विसरतात. ते वडील चष्मा काढणार हे हातभरावर उभं असलं की आधी कळतं. हनुवटी हलायला लागते.

शटरबहाद्दर:
हनुवटीचं खरं आहे. मी लेन्सची कॅप शोधत होतो.

मधलीरांग:
मग पिशवीतून काढलेल्या त्या ८५ चं काय? विकताय का?

शटरबहाद्दर:
३५ पिशवीत परत गेली, ग्रुपसाठी. ८५ टेबलावर आहे. रविवारी एक लग्न आहे, दुसरी बॉडी भाड्याने आणतोय. त्यानंतर विचारा.