मदत हवी आहे : हाक मारली तरी न येणाऱ्या पेकिंगीजशी जमवायचं कसं?

भुभुवाल्या मंडळींनो, मार्गदर्शन हवंय. जरा लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

मावशी कायमची मुलाकडे परदेशी गेली. तिचा सहा वर्षांचा पेकिंगीज जातीचा कुत्रा आता माझ्याकडे आहे. नाव दिवाणजी. त्याला सोबत न्यायची तिची फार इच्छा होती, पण चपट्या नाकाच्या कुत्र्यांना प्रवासात श्वासाचा त्रास होतो म्हणून बऱ्याच विमान कंपन्या त्यांना सामानाच्या कप्प्यातून नेत नाहीत, आणि केबिनमध्ये न्यायला साहेबांचं वजन जास्त भरलं. तीन आठवड्यांपूर्वी दिवाणजी, त्यांची गादी आणि तीन कंगवे माझ्या घरी मुक्कामाला आले.

मी याआधी पाळलेला कुत्रा चांगला दांडगा होता. त्याचं नुसतं नाव घेतलं तरी शेपटीने अर्धं घर झाडून काढायचा. दिवाणजींचं तसं नाही. हाक मारली की मान वळवतात, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतात आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतात. खाणंपिणं, शी-शू सगळं व्यवस्थित. पण मांडीवर घेतलं तर ताठ होतात, खाली ठेवलं तर निघून जातात. जातात कुठे, तर शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यावर. तिथून मी दिसते.

हा मावशीच्या आठवणीने रुसलाय, आजारी आहे, की या जातीचा स्वभावच असा? शिवाय घोरणं. जागेपणीही नाकातून घर्र घर्र चालूच असतं, आणि कधी कधी एकदम ठसका लागल्यासारखा हवा आत ओढतो, तेव्हा माझाच श्वास अडकतो. केस विंचरायला बसलं की गुरगुरतो, काल दात लावले (चावला नाही, फक्त इशारा). आणि पलंगावरून बिनधास्त उडी मारतो, ते चालतं का?

—

रानजाई :
ताई, माझ्याकडे दोन पेकिंगीज होऊन गेले, एक चौदा वर्षं जगला. आधी मनातून तो दांडगोबा काढून टाका. धनगराचा कुत्रा, शिकारी कुत्रा, हे माणसाचं ऐकून काम करण्यासाठी घडलेले. पेकिंगीज चीनच्या राजवाड्यात नुसता सोबतीला घडला. तिथे त्याला काम असं नव्हतंच, उलट त्याची सरबराई करायला माणसं होती. सगळ्यात लहान कुत्री दरबारी लोक झग्याच्या रुंद बाहीत घेऊन फिरत. हाक मारली की धावत यायचं हे त्याच्या खानदानात कुणी केलेलंच नाही. तुमच्या हाकेवर तो विचार करतोय एवढंही पुष्कळ झालं.

उंबऱ्यावर बसतो ना, जिथून तुम्ही दिसता? मग रुसलेला नाही. पाळत ठेवतोय. तुम्ही काय करा, बोलवूच नका. रोज ठरलेल्या वेळी जमिनीवर बसा आणि आपलं काहीतरी करत राहा, वाचा, भाजी निवडा. त्याच्याकडे बघूही नका. जवळ आला तर छातीच्या बाजूला हळूच खाजवा आणि तो कंटाळायच्या आधी तुम्हीच थांबा. मांडीवर उचलून घेणं सध्या बंद. माझ्या पहिल्याने दीड महिना घेतला होता.

—

वेताळटेकडी :
जात जुनी आहे यात शंका नाही. २००४ साली ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लांडग्याच्या सर्वांत जवळ निघालेल्या मोजक्या जातींमध्ये हस्की, अकिता यांच्या पंगतीला हे बुटबैंगणही होतं. चिनी दंतकथा वेगळंच सांगते : सिंह एका इवल्याशा माकडिणीच्या प्रेमात पडला, बुद्धाने त्याला तिच्याएवढं लहान केलं, पण काळीज सिंहाचंच ठेवलं. लग्न झालं आणि पेकिंगीज जन्मला. आयाळ बघितलीत ना त्याची?

आणि एक गंमत. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला तेव्हा तिथे पाच पेकिंगीज सापडले. त्यातली एक कुत्री कॅप्टन डन याने व्हिक्टोरिया राणीला नजर केली. तिचं नाव ठेवलं लूटी! इंग्रजीतला तो शब्द आपल्याकडच्या ‘लूट’वरूनच गेलेला. म्हणजे माल चीनचा, शब्द आपला, आणि कुत्री राणीची. १८७२ पर्यंत जगली बिचारी.

—

चष्मेबहाद्दर :
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्या जनावराला धड श्वास घेता येत नाही अशी जात पैदा करणंच चूक आहे. हौस माणसाची, फास कुत्र्याला.

—

रानजाई :
चष्मेबहाद्दर, पैदाशीबद्दल +१. पण ताईंनी विकत आणलेला नाही, सांभाळायला घेतलाय. आणि जुनी चित्रं पाहिलीत तर तेव्हाच्या पेकिंगीजना बऱ्यापैकी नाक दिसतं. चेहरा असा सपाट झाला तो नंतरच्या प्रदर्शनांच्या नादात. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये यावरून मोठा गदारोळ झाला, तेव्हा तिथल्या केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींचे निकष ठरवणारी संस्था) निकष बदलले आणि थोबाड थोडं तरी पुढे आलेलं दिसलंच पाहिजे असं घातलं. उशिरा सुचलेलं, पण सुचलं.

—

सुईदोरा :
मी पशुवैद्य आहे. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण काय बघायचं ते सांगते.

एकदम हवा आत ओढून नाक घुरघुरतं आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळं पूर्ववत होतं, त्याला उलटी शिंक म्हणतात. दिसायला भयंकर, बहुधा निरुपद्रवी. मोबाईलवर चित्रण करून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला बरं पडतं. सततची घर्र घर्र मात्र ‘जातीचं असतंच’ म्हणून सोडू नका. बारीक नाकपुड्या आणि घशाकडे लोंबणारी लांब टाळू ही त्याची नेहमीची कारणं, आणि गरज पडली तर दोन्हींवर शस्त्रक्रिया होते. थोडं चालून तो बसकण मारतो का, झोपेत श्वास अडकून दचकून उठतो का, हे आठवडाभर बघा. जीभ किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर थांबू नका, लगेच दवाखाना.

कुत्रा अंग थंड करतो ते धापा टाकून. नाक आखूड म्हणजे ती सोयच अपुरी. त्यामुळे फिरणं सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा, तेही बेताचं. गळ्याला पट्टा नको, छातीवरचा हार्नेस घ्या.

आता डोळे, कारण ते सगळे विसरतात. यांच्या खोबणी उथळ असतात. मानगूट पकडून उचललं किंवा पट्ट्याला जोरात हिसका बसला तर डोळा अक्षरशः बाहेर येऊ शकतो. तसं झालं तर आत ढकलू नका, स्वच्छ ओलं कापड ठेवून तडक डॉक्टरांकडे. एरवी डोळा मिचकावणं, पाणी गळणं, पंजाने चोळणं दिसलं तरी त्याच दिवशी दाखवा, बुबुळावर जखम झालेली असू शकते. नाकावरची घडी रोज ओल्या कापडाने पुसून कोरडी करा.

उडी बंद! पाठ लांब, पाय आखूड आणि वाकडे, मणक्यातली चकती सरकायला तेवढं पुरतं. पलंगाला उतार लावा. उचलताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. आणि वजन किती आहे?

—

रानजाई :
विंचरायचं राहिलं. कोरडे केस कधीच विंचरू नका, आधी पाण्याचा हलका फवारा. एका हाताने केसांचा थर वर धरायचा आणि खालून एकेक पदर सोडत मुळापासून विंचरायचं. नुसतं वरवर फिरवलंत तर आतल्या मऊ केसांचा नमदा होतो आणि पुढच्या वेळी तो ओढला की दुखतं. गुरगुरतो तो त्यालाच. कानामागे आणि मांड्यांच्या मागे हात घालून बघा, गाठी तिथेच सापडतील. एका बैठकीत एकच पाय, मग खाऊ. तीन कंगव्यांतला बारीक दातांचा सध्या कपाटात टाका.

—

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. चष्मेबहाद्दर, राग नाही, मावशीलाही हेच वाटायचं.

दवाखान्यात जाऊन आलो. वजन ७.२ किलो! अमेरिकेतले निकष १४ पौंडांवर, म्हणजे साधारण ६.३५ किलोवर थांबतात, आणि इंग्लंडमध्ये नराचं ५ किलोच आदर्श धरतात म्हणे. नाकपुड्या बारीक आहेत, पण डॉक्टर म्हणाले आधी वजन उतरवू, अर्धी घरघर त्यानेच कमी होईल, मग शस्त्रक्रियेचं ठरवू. मावशीला फोनवर विचारलं तर म्हणाली, ‘जेवताना माझ्या ताटातलं थोडं द्यायचे, बाकी काही नाही.’ थोडं!

दोन्ही कानांमागे सुपारीएवढ्या गाठी निघाल्या. त्या सोडवल्यापासून गुरगुरणं निम्म्यावर आलंय. जमिनीवर बसण्याचा आज नववा दिवस. उंबरा सोडून दिवाणजी आता खोलीत येतात, पण माझ्याजवळ नाही. मी जमिनीवर बसले की ते त्यांच्या नव्या उतारावरून चढून माझ्या रिकाम्या खुर्चीत बसतात आणि वरून माझ्यावर लक्ष ठेवतात.

रानजाई, ही प्रगती धरायची का? आणि खुर्ची परत कशी मिळवायची?

—

रानजाई :
प्रगती आहे. दुसरी खुर्ची घ्या.