जर्मनीत मास्टर्ससाठी जाणाऱ्या मुलीने अडचणीत कुणाकडे जावं? विद्यापीठातल्या संघटनांबद्दल सल्ला हवा

प्राजक्त
नमस्कार. लेक ऑक्टोबरच्या हिवाळी सत्रासाठी जर्मनीला निघाली आहे. आमच्या घरातून परदेशी शिकायला जाणारी ती पहिलीच, त्यामुळे विचारायला कोणी नाही. प्रवेशाच्या कागदांत इंटरनॅशनल ऑफिस, आस्टा, श्टुडिरेंडेनवेर्क, ईएसएन अशी नावं दिसतात. यात कोण काय करतं? सभासद व्हावं लागतं का? ती अबोल आहे. अडचण आली तरी स्वतःहून कुणाला सांगेल असं वाटत नाही, मला काळजी त्याचीच जास्त आहे.

वाटसरू
ताई, सभासदत्वासाठी वेगळं काही करायला नको. बहुतेक राज्यांत विद्यापीठात नाव नोंदवलं की विद्यार्थी आपोआप विद्यार्थी-संघटनेचा सदस्य होतो. दर सत्राला जी रक्कम भरावी लागते, तिच्यात संघटनेचा आणि श्टुडिरेंडेनवेर्कचा वाटा असतो. पैसे भरलेले आहेत, तेव्हा मदत मागायला संकोच नको, हे तिला मुद्दाम सांगा.

श्टुडिरेंडेनवेर्क म्हणजे वसतिगृहं आणि मेन्सा, म्हणजे विद्यार्थ्यांची खाणावळ. वसतिगृहासाठी अर्ज अजून केला नसेल तर आजच करा, प्रतीक्षायादी लांबलचक असते. इंटरनॅशनल ऑफिस हे विद्यापीठाचं कार्यालय, प्रवेश, नोंदणी आणि परदेशी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन यासाठी. आस्टा ही विद्यार्थ्यांनी निवडून दिलेली कार्यकारिणी. बव्हेरियात मात्र विद्यार्थी प्रतिनिधींची रचना वेगळी आहे, नावंही वेगळी असतात.

निळी_छत्री
मी माझं सांगते, कारण पहिली दोन सत्रं मी आस्टाच्या दारावरून रोज जायचे आणि आत एकदाही गेले नाही. राजकारण करणारी मुलं असतील, माझं तिथे काय काम, असं वाटायचं.

मग खोली बदलली आणि जुना घरमालक डिपॉझिट परत देईना. भिंत खराब केली म्हणाला. जर्मन येत नव्हतं, तो काय लिहितोय तेही धड कळेना. शेवटी एका वर्गमैत्रिणीने हाताला धरून आस्टात नेलं. तिथे विद्यार्थ्यांना वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, हे मला तेव्हा कळलं. वकीलबाईंनी करार वाचला आणि पहिलाच प्रश्न विचारला, चार महिन्यांचं डिपॉझिट का दिलंस? कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेताच येत नाही, आणि मूळ भाड्यात हीटिंग-पाण्याचा खर्च धरत नाहीत. त्यांनी पत्राचा मसुदा करून दिला, मी तो पाठवला आणि महिन्याभरात पैसे आले. खोली ताब्यात घेताना काढलेले फोटो होते म्हणून भिंतीचा मुद्दाही निकालात निघाला. तुमच्या लेकीला पहिल्याच दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढायला सांगा, आणि ताबा घेतानाच्या नोंदकागदावर दोघांच्या सह्या हव्यात.

अनेक विद्यापीठांत आस्टामध्ये परदेशी विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो, त्याचे प्रतिनिधी बऱ्याच ठिकाणी परदेशी विद्यार्थीच निवडतात. निवास परवान्याचं काय करायचं ते स्वतः त्यातून गेलेली माणसंच नीट सांगतात. व्हिसाची मुदत संपायच्या आत परवान्याचा अर्ज गेलाच पाहिजे, भेटीची तारीख नंतरची मिळाली तरी.

प्राजक्त
फार फार आभार. ईएसएन राहिलं. आणि नोकरीबद्दल कुणाला विचारायचं?

कवडसा
ईएसएन म्हणजे इरास्मस स्टुडंट नेटवर्क, 1989 पासूनचं. सगळं काम स्वयंसेवक विद्यार्थी करतात. मूळ भर एक-दोन सत्रांसाठी येणाऱ्यांवर असला तरी पूर्ण पदवीसाठी आलेल्यांनाही सहसा सामावून घेतात. अबोल मुलीसाठी सहली-पार्ट्यांपेक्षा बडी योजना बघा, ईएसएनची किंवा विद्यापीठाची. एकच मुलगा किंवा मुलगी नेमून देतात, गर्दीत बोलावं लागत नाही. माझी बडी मला पत्ता नोंदवायला नगरपालिकेत घेऊन गेली होती, आजही आम्ही बोलतो. निघण्याआधीच अर्ज भरा.

नोकरीचा नियम मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस असा आहे. विद्यापीठातली सहायकाची कामं त्यात मोजत नाहीत, म्हणून ती आधी शोधावीत.

आणखी एक लिहून ठेवा. बऱ्याच विद्यापीठ-शहरांत नाइटलाइन असते. रात्री फोन करायचा, पलीकडे प्रशिक्षित विद्यार्थी असतो, नाव सांगावं लागत नाही. श्टुडिरेंडेनवेर्ककडेही बहुतेक ठिकाणी समुपदेशक असतात. पैशांची खरोखर ओढाताण झाली तर चर्चशी जोडलेल्या विद्यार्थी-मंडळांकडे परदेशी विद्यार्थ्यांसाठी आपत्कालीन निधी असतो, ईएसजी या प्रोटेस्टंट विद्यार्थी-मंडळाचा तसा आहे, त्याला धर्माची अट नाही.

प्राजक्त
हे सगळं तिला वाचायला दिलं. बडीचा अर्ज आज रात्रीच भरते म्हणाली. वकिलाकडे थेट गेलं तर चालतं का?

निळी_छत्री
आमच्याकडे आठवड्यातला एक दिवस ठरलेला होता आणि मेल करून वेळ घ्यावी लागायची. विद्यार्थी ओळखपत्र आणि पूर्ण करार सोबत न्यायचा. इंग्रजीत बोलायचं असेल तर मेलमध्येच लिहा.