आंब्याचे पैसे मेमध्ये, बिल्डरला हवेत आत्ताच

रत्नागिरीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत टू-बीएचके बघितलाय, ४२ लाख. बिल्डर म्हणतो, या महिन्यात २० टक्के भरा, मग करार करू. आमची एफडी मार्चमध्ये सुटते, हापूसचे पैसे त्याच्याही नंतर. आईला घर फार आवडलंय, हातचं जाऊ द्यायचं नाही. काय करू?

उत्तर १: ताई, २० टक्के देऊच नका. रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा, त्याच्या कलम १३ नुसार करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. म्हणजे फार तर ४.२ लाख, तेही चेकने. प्रकल्प महारेराच्या (राज्यात रेरा राबवणाऱ्या प्राधिकरणाच्या) साइटवर नोंदलेला आहे ना, तेवढं आधी बघा.

उत्तर २: एफडी मोडू नका. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून लागेल तशी उचल; वापराल तेवढ्यावरच व्याज. मार्चमध्ये फेडून मोकळ्या. मुद्रांक शुल्क वेगळं धरा. जीएसटीही: कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५.

प्रश्नकर्ती: कलम १३ माहीतच नव्हतं! उद्याच बँकेत जाते. पुढचा मोठा हप्ता जूनमध्ये ठेवा आणि तसं करारात लिहा, असं बिल्डरला सांगते.

उत्तर १: तोंडी कबुलीवर थांबू नका.