मदत हवी आहे: आईचा आमवात, फुप्फुसातलं फायब्रोसिस आणि माळ्यावरची वटवाघळं

नमस्कार मंडळी,

आईला (वय ६३) बऱ्याच वर्षांपासून रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू आहे. सांधे ताब्यात आहेत. पण गेल्या पावसाळ्यापासून कोरडा खोकला जात नाही. ताप नाही, कफ नाही. विहिरीकडून घराची चढण चढताना आता मध्येच थांबावं लागतं. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि खाली वेल्क्रो सोडवल्यासारखा आवाज येतोय म्हणून एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) करायला सांगितलं.

रिपोर्टमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी, कडेकडेने रेटिक्युलेशन (जाळीसारख्या रेषा), ट्रॅक्शन ब्राँकिएक्टेसिस (ओढल्या जाऊन रुंदावलेल्या श्वासनलिका) आणि थोडं हनीकोंबिंग (मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं) आहे. शेवटी 'यूआयपी पॅटर्न' (फायब्रोसिसचा, म्हणजे तंतू साचण्याचा, एक ठरावीक नमुना) लिहिलंय. पीएफटीत (फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीत) एफव्हीसी ७१ टक्के, डीएलसीओ ४८ टक्के. ऑक्सिमीटरवर बसल्या जागी ९६ दिसतं, अंगणात फेऱ्या मारल्या की ८८ पर्यंत उतरतं.

घर राजापूर तालुक्यात, कौलारू. माळ्यावर वटवाघळांचा मुक्काम जुना आहे आणि त्यांच्या लेंड्या खाली पडतात. मामा म्हणतात, हे सगळं वटवाघळांमुळेच. मावशीच्या ओळखीतल्या एकांनी सांगितलं की मेथोट्रेक्सेटने फुप्फुसं जातात, गोळी आजच बंद करा. आई दोन्हीकडचं ऐकून घाबरली आहे. छातीच्या डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर काय करावं, आणि भेटीत काय विचारावं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी एकच सांगते: मेथोट्रेक्सेट स्वतःच्या मनाने बंद करू नका. संधिवाताच्या डॉक्टरांना आजच फोन करा, रिपोर्ट पाठवा आणि ते सांगतील तसं करा. मी छातीरोग विभागात काम करते, त्यामुळे असे पेशंट नेहमी पाहते. अचानक गोळी थांबवून आमवात उसळला तर आईचे हाल दुप्पट होतील.

हा आजार फक्त सांध्यांचा नाही. फुप्फुसाच्या आवरणात पाणी होऊ शकतं, गाठी येतात, श्वासनलिका रुंदावतात. सगळ्यात काळजीचं म्हणजे आईएलडी, म्हणजे फुप्फुसाच्या मधल्या ऊतीला सूज येऊन तिथे तंतू साचणं. आमवाताच्या साधारण दहातल्या एका रुग्णाला त्रास होण्याइतपत आईएलडी होतो. धूम्रपान, वाढतं वय, रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवातात आढळणारी प्रतिपिंडं) खूप जास्त असणं, यांनी धोका वाढतो. इतर संधिवातांत वेगळा पॅटर्न जास्त दिसतो, पण रुमेटॉइडमध्ये यूआयपीच पुष्कळ. म्हणजे तुमच्या आईचा रिपोर्ट आमवाताशी जुळणारा आहे.

मेथोट्रेक्सेटने फुप्फुसाला होणारी इजा खरी आहे, पण तिचं रूप वेगळं. ती बहुधा औषध सुरू केल्यावर पहिल्या वर्षात होते, ताप, खोकला आणि धाप काही दिवसांत वाढत जाते. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या माणसात हळूहळू तळाशी हनीकोंबिंग होणं हे त्याचं चित्र नव्हे. आता यूआयपी निघालाय म्हटल्यावर पुढे कुठलं औषध ठेवायचं, हे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं. तसा आग्रहच धरा.

धागाकर्ती

खूप आधार वाटला. डीएलसीओ म्हणजे नेमकं काय? एफव्हीसी ७१ आणि हे ४८, एवढी तफावत का?

प्रतिसाद २

मी प्राणिशास्त्र शिकवतो, आणि तुमच्या माळ्यावरच्या पाहुण्यांवरूनच हे चांगलं समजावता येईल.

वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यामध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. ऑक्सिजन त्यातून झिरपून रक्तात जातो. माणसात त्याची परिणामकारक जाडी साधारण ०.६ मायक्रोमीटर धरतात. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातल्या एका मोठ्या वटवाघळात ती ०.१२ च्या आसपास मोजली गेली आहे. पक्ष्यांसारख्या हवेच्या पिशव्या वटवाघळाला नाहीत. त्याचं फुप्फुस तुमच्या-माझ्यासारखंच, आत-बाहेर करणारं, खाली श्वासपटल असलेलं. त्याच घडणीतून त्याला उडण्याएवढा ऑक्सिजन मिळवायचा असतो. म्हणून देहाच्या मानाने फुप्फुसं आणि हृदय मोठं, रक्तात तांबड्या पेशी भरपूर आणि हा पडदा इतका पातळ. लहान जातींचं हृदय उडताना मिनिटाला हजाराच्या घरात धडधडतं. बहुतेक वेळा पंखाच्या एका फटकाऱ्याला एक श्वास असा मेळ असतो, आणि वाट शोधण्याचा तो आवाजही उच्छ्वासासोबत बाहेर पडतो.

आईच्या बाबतीत हाच पडदा जाड झालाय आणि काही केशवाहिन्या नाहीशा झाल्या आहेत. एफव्हीसी सांगते फुप्फुसात हवा किती मावते. डीएलसीओ सांगतो ती हवा रक्तापर्यंत किती पोचते. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा अगदी अल्प अंश असलेली हवा ओढून सुमारे दहा सेकंद श्वास रोखायला लावतात. पडद्यावरचा परिणाम हवा मावण्याच्या आकड्यात तितका दिसत नाही, म्हणून ही तफावत.

८८ चं कारणही तिथेच. बसलेलं असताना रक्त केशवाहिनीतून जायला पाऊण सेकंद घेतं, तेवढ्यात जाड पडद्यातूनही ऑक्सिजन भरून होतो. चालताना ही वेळ पाव सेकंदापर्यंत येऊ शकते, आणि मग तो पुरत नाही. म्हणून बसल्या जागच्या ९६ वर विसंबू नका. सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्या.

प्रतिसाद ३

वटवाघळांपासून निपाह होतो ना? महाबळेश्वरच्या गुहेत सापडला होता.

प्रतिसाद २

२०२० साली तिथल्या गुहेतून नमुने घेतले होते आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला काही वटवाघळांत निपाहच्या खुणा मिळाल्या, हे खरं. पण निपाहचा ताप आणि मेंदूज्वर काही दिवसांत माणसाला आडवं करतो. महिनोन्‌महिने कोरडा खोकला हे त्याचं लक्षण नाही. आजारी माणसाच्या घरात ही भीती कृपया घालू नका.

प्रतिसाद ४

मामांचं म्हणणं मात्र सगळंच झटकून टाकू नका. वटवाघळांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढते. धूळ उडाली की तिचे बीजाणू श्वासातून आत जातात. भारतात ती गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः बंगालमध्ये जास्त आढळते, पण इतरत्रही रुग्ण सापडले आहेत. सीटीवर ती बहुधा गाठी, सुजलेल्या लसिका ग्रंथी किंवा टीबीसारख्या पोकळ्या दाखवते. आईच्या रिपोर्टमध्ये तसं काही नाही.

काळजी पुढची आहे. आमवाताची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. टीएनएफ (सूज वाढवणारं शरीरातलं प्रथिन) रोखणाऱ्या इंजेक्शनांवर असलेल्यांत हिस्टोप्लाझ्मोसिसचं निदान उशिरा होतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये ठळक इशारा दिला होता. तेव्हा नवं औषध सुरू होण्याआधी टीबीच्या तपासणीसोबत 'घरात वटवाघळं आहेत' हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

माळा आईने झाडायचा नाही. साफसफाईच्या दिवशी तिने घरातही थांबू नये. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. पाणी हलकेच फवारून ओल्या करायच्या, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून भरायच्या. वटवाघळांना मारू नका, धूर करू नका. संध्याकाळी ती बाहेर पडली की फटी बुजवा, पण आत पिल्लं नाहीत याची खात्री करूनच. नाहीतर न उडणारी पिल्लं आत अडकून मरतात.

प्रतिसाद ५

आणखी एक विचारून ठेवा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आईएलडी नोंदणीत १०८४ रुग्ण होते. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (बुरशी, पक्ष्यांची पिसं यांचे कण श्वासातून गेल्याने ॲलर्जीसारखी येणारी फुप्फुसाची सूज) होता, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी एअर कूलर होते. आई जिथे मुक्कामाला असते तिथे कूलर, खिडकीतली कबुतरं, भिंतीला बुरशी असं काही आहे का? कोकणात पावसाळ्यात बुरशी असतेच. डॉक्टर विचारण्याआधीच सांगा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलणं झालं. भेट होईपर्यंत आहे तेच औषध, एकदम धाप वाढली किंवा ताप आला तर लगेच दवाखान्यात. मागच्या खोलीच्या भिंतीला बुरशी आहे, आईचा बिछाना तिथून हलवला. माळ्याचं काम ती माझ्याकडे पुण्याला आल्यावर काका करून घेतील. निंटेडॅनिब नावाच्या औषधाबद्दल ऐकलं, त्याने फुप्फुस पूर्ववत होतं का?

प्रतिसाद १

नाही, साचलेले तंतू जात नाहीत. वाढत जाणाऱ्या फायब्रोसिसचा वेग ते कमी करतं. प्रत्येकाला लगेच देत नाहीत. काही महिन्यांच्या अंतराने एफव्हीसी आणि डीएलसीओ तपासून, आजार पुढे सरकतोय का ते पाहून ठरवतात. त्याने जुलाब होतात, भूक जाते आणि यकृताच्या चाचण्या वेळोवेळी कराव्या लागतात. भारतात जेनेरिक मिळतं, किमतीत ब्रँडप्रमाणे बराच फरक आहे, तेव्हा चिठ्ठी घेऊन दोन-तीन दुकानांत विचारा. सूज आवरण्यासाठी रिटुक्सिमॅब किंवा मायकोफेनोलेटचा पर्याय असतो, त्याबद्दलही विचारा.

फ्लू आणि न्यूमोकोकलची लस झाली नसेल तर याच भेटीत ठरवून घ्या. एचआरसीटीची सीडी सोबत न्या, नुसता कागद नको. जुना छातीचा एक्स-रे किंवा सीटी घरात कुठे असेल तर तोही शोधा. हे किती दिवसांपासून आहे, ते त्यावरूनच कळतं.