मदत हवी आहे: नीड फॉर स्पीडची क्रमवारी लावायची आहे (भाचा विरुद्ध दादा)

बाजूची_सीट

नमस्कार मंडळी,

घरात वाद पेटलाय आणि पंच म्हणून मला बसवलंय. दिवाळीच्या सुट्टीत भाचा (वय १३) माझ्याकडे आठ दिवस राहायला येतोय. त्याचं म्हणणं, नीड फॉर स्पीड या गाड्यांच्या शर्यतींच्या व्हिडिओ गेम मालिकेतला सगळ्यात भारी गेम म्हणजे २०१९ चा हीट. त्याच्या बापाचं, म्हणजे माझ्या दादाचं म्हणणं, २००५ चा मोस्ट वाँटेड, आणि त्यानंतर जे काही आलं ते पाणी घातलेलं ताक. दोघांनीही शेवटी माझ्यावर ढकललं: आत्या ठरवेल.

आत्याची अडचण अशी की तिने यातला एकही गेम पूर्ण खेळलेला नाही. अर्धा खेळलाय, आणि अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा. मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायबर कॅफे होता, तासाला १५ रुपये. दोघांत मिळून एकच तास परवडायचा, म्हणून एकाच कीबोर्डवर दोघं. बाणांची बटणं दादाकडे, नायट्रो (गाडीला क्षणभर जादा वेग देणारं बटण) आणि हँडब्रेक माझ्याकडे. तो "मार!" म्हणाला की मी दाबायचं. भर वळणावर नायट्रो मारला की डोक्यात टपली. त्यात कॅफेवाले काका रोज रात्री मशीन कोरं करायचे, सेव्ह टिकायची नाही. मोस्ट वाँटेडमधला खलनायक रेझर खेळणाऱ्याची निळी-चांदी रंगाची बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर लबाडीने जिंकून नेतो, तो प्रसंग मी पन्नासेक वेळा तरी पाहिला असेल. ब्लॅकलिस्टवर, म्हणजे एकेक करून हरवायच्या स्पर्धकांच्या यादीत, पंधराव्या नंबरच्या सनीच्या पुढे आम्ही कधी गेलोच नाही. चौदावा कोण, मला आजही माहीत नाही.

तरी माझी कच्ची क्रमवारी देते. वर मोस्ट वाँटेड (२००५), मग अंडरग्राउंड २ (२००४), मग मामेभावाकडे खेळलेला हॉट पर्सूट, तो १९९८ चा, तिसरा. तळाला अंडरकव्हर (२००८) आणि त्याच्याही खाली पेबॅक (२०१७). मधलं सगळं धूसर.

मदत तीन बाबतीत हवी. क्रमवारी कुठे चुकतेय? आठ दिवसांत पोराला काय खेळायला द्यावं आणि काय टाळावं? आणि तिसरं म्हणजे मी हौसेने मोस्ट वाँटेडची जुनी डिस्क मिळवली, डीव्हीडी ड्राइव्ह उसना आणला, इन्स्टॉलही झालं. पण विंडोज १० वर आयकॉनवर डबल क्लिक केलं की कर्सर दोन सेकंद गोल फिरतो आणि सगळं शांत. एरर नाही, काही नाही.

तिसरा_गिअर

आधी तिसऱ्याचं उत्तर देतो, बाकीच्यांचं भांडण रात्रभर चालेल.

त्या काळातल्या बऱ्याच डिस्कवर सेफडिस्क नावाचं कॉपी रोखणारं कुलूप असायचं. त्या कुलुपाचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या पोटात बसायचा. त्यात सुरक्षेचं भोक निघालं, म्हणून विंडोज १० मधून मायक्रोसॉफ्टने त्याचा आधारच काढून टाकला. तुमची डिस्क चांगली आहे, किल्लीही खरी आहे, पण कुलूपवालाच नोकरीवरून गेलाय. कोणाकडे विंडोज एक्सपीचं जुनं मशीन माळ्यावर पडलं असेल तर ते खाली काढा, त्यावर सरळ चालेल. स्क्रीन जुन्या चौकोनी ठेवणीची घेतलीत तर बरं. हा गेम रुंद स्क्रीनसाठी केलेलाच नाही, नव्या मॉनिटरवर गाड्या बसक्या दिसतात.

आणि एक सावधगिरी. ऑनलाइन दुकानात "मोस्ट वाँटेड" शोधलंत तर २०१२ चा मिळेल. नाव तेच, गेम वेगळा. तो क्रायटेरियन नावाच्या स्टुडिओने केलाय. शहरात गाड्या उभ्याच असतात, जवळ जायचं, बसायचं, निघायचं. रेझर नाही, कथेतली मिया नाही. २००५ चा समजून घेतलात तर तुमचे बंधू तुम्हाला घराबाहेर काढतील.

पाटलांची_पोर्शे

क्रमवारीत पोर्शे अनलीश्ड (२००० सालचा) नाही म्हणजे बासुंदीच्या जेवणात बासुंदीच नाही. एकाच कंपनीच्या गाड्या, १९५० च्या ३५६ मॉडेलपासून सुरुवात, आणि वर्षं सरतील तशी नवी मॉडेल्स हातात येत जातात. गाडी ठोकली तर दुरुस्तीचे पैसे आपल्याच खिशातून. मागच्या चाकांवर वजन असलेली ९११ वळणात घुसून ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट कशी फिरते, हे मला या गेमने शिकवलं. खरी पोर्शे आजतागायत फक्त काचेआडून पाहिलीय. माझा पहिला नंबर हाच.

कडवट_कॉफी

अंडरग्राउंड २ दुसऱ्या नंबरवर? लोकांना निऑन दिवे आठवतात, बेव्ह्यू शहरातलं ते वणवण फिरणं आठवत नाही. एक शर्यत संपली की पुढची शोधत अर्धं शहर पार करायचं. तेव्हा खुलं शहर नवीन होतं म्हणून आपण भारावलो. शिवाय त्या अवजड एसयूव्हींच्या शर्यती! २००३ चा पहिला अंडरग्राउंड आटोपशीर होता. मेन्यूतून शर्यत निवडा, पळवा, गाडी सजवा. ड्रॅगमध्ये (सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीत) काटा हिरव्यात येताच गिअर टाकायचा, एक क्षण चुकला की इंजिन उडालं. मी तो वर ठेवीन.

तळाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. पेबॅकमध्ये गाडीचा टर्बो बदलायचा तर गॅरेजमध्ये पाना नाही, पत्ते! स्पीड कार्ड म्हणे. गिअरबॉक्सचा पत्ता, एक्झॉस्टचा पत्ता, नको असलेले पत्ते मोडून यंत्रात टाका आणि नशिबाचं चक्र फिरवा. लोकांनी इतकी बोंब मारली की काही दिवसांतच त्यांना बक्षिसांचं गणित बदलावं लागलं. पोलीसही ठरावीक मिशनपुरतेच, भर शहरात सुसाट जा, कोणी ढुंकून पाहत नाही.

दहावी_ब

मी भाच्याच्या बाजूने. ताई, हीट तुम्ही खेळलाच नसेल तर क्रमवारीत कुठे बसवणार? त्यातली युक्ती ऐका. दिवसा अधिकृत शर्यती, त्यात पैसा. रात्री बेकायदा, त्यात नाव. रात्र जितकी लांबवाल तितका त्या रात्रीच्या कमाईचा गुणक चढतो, पण सुरक्षित घरी पोचण्याआधी पोलिसांनी धरलं तर गुणक गेला. पहाटे गाडीची अवस्था वाईट, मागे चार गाड्या, आणि घर दोन वळणांवर. हात घामाने भिजतात.

कडवट_कॉफी

@दहावी_ब, मान्य, रात्रीचा भाग झकास आहे. पण सनसनाटी दिवसा कुठे आहे? दिवसाचा हीट म्हणजे रविवार दुपारचं दूरदर्शन.

तिसरा_गिअर

मोस्ट वाँटेड पहिला का, याचं "लहानपण" हे एकच उत्तर नाही. त्यात पाठलाग म्हणजे शर्यतीत मध्येच येणारा अडथळा नव्हे, तीच कमाई. ब्लॅकलिस्टवरच्या माणसाला आव्हान द्यायचं तर नुसत्या शर्यती जिंकून भागत नाही. पोलिसांची इतकी वाहनं ठोका, इतकी नाकाबंदी फोडा, इतका वेळ निसटत राहा, असे टप्पे पुरे करावे लागतात. म्हणजे ज्याच्यापासून पळायचं, त्याच्याकडे आधी आपण होऊन जायचं. दुकानाच्या छपरावरचा तो अवाढव्य डोनट पाडून मागच्या गाड्या चिरडल्या नाहीत असा माणूस मला दाखवा. आणि जिंकल्यावर सहा चिठ्ठ्यांतून दोन उचलायच्या, त्यात हरलेल्याची गाडी निघाली तर घरात आरडाओरडा.

उणीवही सांगतो. शर्यतीत पुढे गेलं की मागच्या गाड्यांना आपोआप बळ येतं. शेवटच्या वळणापर्यंत पाच सेकंदांची आघाडी आणि मग एक चूक, सगळं पाण्यात.

चौदावा म्हणजे टॅझ. लेक्सस आयएस ३०० चालवतो. पंचांना एवढं तरी माहीत हवं.

खारी_बिस्कीट

विषयांतर: १९९७ च्या नीड फॉर स्पीड २ मधला मिस्टिक पीक्स हा ट्रॅक नेपाळमधला होता. आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की मॅक्लारेन एफ१ घेऊन आम्ही हिमालयात. बाकी बरेच गेम अमेरिकेत, निदान एकाने तरी आपल्या शेजारपर्यंत गाडी आणली.

आठ दिवसांसाठी माझं मत: २०१० चा हॉट पर्सूट द्या, २०२० मध्ये तो नव्याने रंगवून आलाय. कथा नाही, कटकट नाही. एकदा चोर व्हा, एकदा पोलीस. मुलाला आणि त्याच्या बापाला आलटूनपालटून बसवता येतं. रायव्हल्स (२०१३) पीसीवर टाळा. सेकंदाला ३० चित्रांना (३० एफपीएस) बांधलेला आहे, आणि ती गाठ जबरदस्तीने सोडवली तर गेमच दुप्पट वेगाने पळतो.

पाटलांची_पोर्शे

प्रोस्ट्रीटचं (२००७) नाव कोणी काढलं नाही, पाप आहे. पोलीस नाहीत म्हणून तेव्हा शिव्या खाल्ल्या बिचाऱ्याने. आज खेळा, ड्रॅगमध्ये समोरचं चाक उचललं जातं तेव्हा अजून पोटात खड्डा पडतो.

बाजूची_सीट

सगळ्यांचे आभार. आता हकिगत.

दादाच्या सासऱ्यांच्या माळ्यावर एक्सपीचं मशीन निघालं, सोबत चौदा किलोचा काचेचा मॉनिटर. डिस्क पहिल्या फटक्यात चालली. भाच्याने पहिले दोन दिवस "ग्राफिक्स काय हे" म्हणून नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली तर "आत्या, पाच मिनिटं, पोलीस आहेत मागे" असं उत्तर आलं. सेव्ह टिकते, त्यामुळे सनी गेला, टॅझ गेला, आता बाराव्या नंबरची इझी चालू आहे. मीही रात्री त्याच्या लॅपटॉपवर हीट खेळले. दहावी_ब, तुमचं बरोबर होतं. हीट थेट तिसऱ्या नंबरवर घेतलाय, अंडरग्राउंड २ खाली सरकवलाय. पोर्शे मिळाला की बघू. तळ बदललेला नाही.

दादा काल भाच्याला न्यायला आला. चहा होईपर्यंत म्हणून मशीनसमोर बसला. भाचा बाजूला उभा राहून सूचना देत होता. सरळ रस्ता आला, दादाची तीन बोटं बाणांवर, नजर स्क्रीनवर, डावा हात मांडीवर. नायट्रो भरलेला, पण वापरेना. पोरगं ओरडतंय, "बाबा, दाबा ना!"

दादा मान न वळवता मला म्हणाला, "अगं, मार की."