गुलमर्ग: वादळ थांबलंय, उद्या दोरीबाहेर उतरावं का?

ठाणेकर_भटक्या
मंडळी, आम्ही चौघे गुलमर्गला आहोत. अडीच दिवस खोलीतच अडकलो होतो, गोंडोलाचा (केबल कारचा) वरचा, दुसरा टप्पा बंद. दारात दोन फूट तरी बर्फ असेल. आत्ता आभाळ मोकळं झालंय, उद्या लख्ख ऊन म्हणतात. ओळखीचा एक स्कीवाला म्हणतोय, टप्पा सुरू झाला की अफरवात शिखरावरून दोरीच्या बाहेर, म्हणजे तपासलेल्या स्की-उतारांची हद्द सोडून, हापतखुडच्या उताराच्या अंगाला उतरू. हिमस्खलनाची सूचना पाहिली: बारामुल्ला जिल्ह्यात 2,400 मीटरच्या वर 'मध्यम' धोका. मध्यम म्हणजे चालेल ना? परवा दुपारचं विमान आहे. चौघांत बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायचं यंत्र) एक.

कोकणकडा७
चौघांत एक बीकन? मग तो बॅगेतच राहू दे. शोधायला दुसऱ्याकडेही लागतो हो.

घसारा_पुणे
ठाणेकर, 'मध्यम' या शब्दावर जाऊ नका. ती सूचना अख्ख्या जिल्ह्याची. तुम्ही ज्या उतारावर पाय ठेवणार, त्याचं नाव त्यात नसतं.

हिमपात थांबला म्हणजे धोका टळला, हे आपल्याला पावसामुळे वाटतं. पाऊस उघडला की नाळेतलं पाणी ओसरतं, बर्फाचं तसं नाही. नव्या बर्फाचं ओझं जुन्यावर आत्ताच बसलंय, ते मुरायला वेळ लागतो. पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, आणि नेमकं तेव्हाच ऊन पडतं. त्यात वारा. तो धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला रचतो. तुमच्या दारात दोन फूट असेल, तर धारेखाली चार फूटही असू शकतो, आणि तो भुसभुशीत नसतो, फरशीसारखा एकसंध असतो. तुटला की फरशीच निसटते.

सहा वर्षांपूर्वी मी तिथेच होतो, गोंडोलाच्या मधल्या थांब्याच्या, कोंगडूरीच्या जरा वर. वादळानंतरची अशीच सकाळ. जवळजवळ सपाटीच होती, आणि पायाखाली 'धप्प' आवाज झाला. वरच्या मजल्यावर कुणीतरी तांदळाचं पोतं टाकावं तसा. माझ्या स्कीच्या टोकापासून एक चीर तीस-चाळीस फूट पळत गेली. आमचा गाईड टंगमर्गचा. काही बोलला नाही, नुसता हात मागे करून आम्हाला थांबवलं. मग फावड्याने खड्डा खणला आणि तळाचा वीतभर थर दाखवला. मूठभर घेतला तर जाड साखरेसारखा बोटांतून गळून गेला, लाडू वळेना. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ, जमीन त्यामानाने उबदार आणि वर चिल्लई कलांची, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडक चाळीस दिवसांची थंडी. खालून वाफ वर चढते आणि तळाचे दाणे मोठे, सुटे होतात. ताटात साखर पसरून वर भाकरी ठेवा, ताट तिरकं करा. कळेल.

तो परत फिरला. मी दहा मिनिटं हुज्जत घातली, पैसे मोजलेत म्हणून. आजही ते आठवलं की लाज वाटते. संध्याकाळी त्यानेच नून चाय पाजला.

हापतखुडचं म्हणाल तर 1 फेब्रुवारी 2023 ला तिथेच हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. आणि 8 फेब्रुवारी 2010 ला खिलनमर्गला हिमस्खलनात 17 जवान गेले. ते तर बर्फातलंच प्रशिक्षण घ्यायला आले होते. आपण दोन कोर्स केलेली माणसं.

दोरीच्या आत गस्तीवाले उतार तपासून, गरज पडली तर स्फोट करून बर्फ पाडतात. त्यांनी उघडलं तर तिथे खुशाल उतरा. बाहेर कुणीही तपासलेलं नसतं.

इन्सब्रुककर
घसारादादांशी सहमत, फक्त थोडी भर. इथे युरोपात हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, आणि सर्वांत जास्त माणसं तिसऱ्या पायरीला मरतात, पाचवीला नाही. पाचवीला कुणी घराबाहेरच पडत नाही! मोबाइलवर उतार मोजा: 30 ते 45 अंश हा घातक पट्टा. तुम्ही पंचवीस अंशांवर असलात तरी डोक्यावरचा उतार किती आहे तेही बघा. नाळेत थांबू नका, थोडासा बर्फही तिथे पुरुषभर साचतो. आणि गाडलेल्या माणसाला वाचवायचं तर पहिली दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात. बचावपथक तेवढ्यात पोचत नाही, तुमचे सोबतीच खणणार.

ठाणेकर_भटक्या
उद्या दोरीच्या आतच. स्कीवाला जरा रुसलाय. भाड्याने बीकन मिळतायत, आणखी तीन घेऊ का?

घसारा_पुणे
घ्या, पण प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच. दुकानातच चारही चालू करून एक बाहेर लपवा आणि शोधून बघा, बॅटरी किती टक्के तेही वाचा. मोबाइल बीकनपासून लांबच्या खिशात ठेवा, शोधताना तर बंदच. आणि विमानाचं तिकीट बदलायला किती लागतात ते आजच विचारून ठेवा.