डीसॅटमध्ये (पीकवाढीचं संगणकी मॉडेल) गव्हाचं उत्पादन प्लॉटपेक्षा जास्त येतंय, आधी काय तपासावं?

काळीमाती:
पुण्याजवळची भारी काळी जमीन, आधी सोयाबीन. एमएसीएस ६२२२ या वाणाची पेरणी १५ नोव्हेंबरला. डीसॅटमधलं गव्हाचं मॉडेल सेरेस-व्हीट हेक्टरी ५२ क्विंटल दाखवतंय, प्लॉटवर ४१ भरले. मॉडेलमध्ये फुलोरा ६ दिवस आणि पक्वता ९ दिवस उशिरा येते. वाणाचे गुणांक (त्याची वाढ आणि दाणे ठरवणारे आकडे) दुसऱ्या वाणावरून घेतलेत. सिंचन ऑटोमॅटिकवर आहे, म्हणजे पाणी कधी द्यायचं ते मॉडेलच ठरवतं. पुढे ३० वर्षांचं हवामान घालून उशिरा पेरणीची जोखीम काढायची आहे.

रब्बीवाला:
फरक ११ क्विंटलचा नाही, त्याहून मोठा आहे. डीसॅट उत्पादन कोरड्या वजनात देतं. तुमच्या दाण्यात १२ टक्के ओलावा धरला तर ४१ चे ३६ होतात. तुलना ५२ विरुद्ध ३६ अशी करा.

उत्पादनाच्या गुणांकांना इतक्यात हात लावू नका. आधी फुलोऱ्याची तारीख जुळवा: पी१व्ही (थंडीची गरज) आणि पी१डी (दिवसाच्या लांबीचा परिणाम). आपल्याकडच्या वाणांना थंडीची गरज फारशी नसते, त्यामुळे पी१व्ही शून्याच्या आसपास ठेवून बघा. तरीही उशीर राहिला तर फिंट, म्हणजे दोन पानं फुटण्यामधलं अंतर, तपासा. खुणा केलेल्या रोपांवर दर आठवड्याला पानं मोजली की दोन पानांमधले अंश-दिवस (रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज) निघतात. फुलोरा बसल्यावरच पी५ (दाणे भरण्याचा काळ). फुलोरा अलीकडे सरकला की दाणे भरण्याचा काळ थंड दिवसांत जातो आणि लांबतो, म्हणून पी५ आधी बसवलं तर ते पुन्हा बदलावं लागतं. रोजचं सरासरी तापमान २४ अंश असेल तर पक्वतेचे ९ वजा फुलोऱ्याचे ६ असा ३ दिवसांचा फरक म्हणजे साधारण ७० अंश-दिवस. मग उत्पादनाचे गुणांक जी१, जी२, जी३ (दाण्यांची संख्या, दाण्याचं वजन, फुटव्याचं वजन). आणि हे सगळं एका हंगामावर बसवू नका, दुसऱ्या हंगामाचा किंवा दुसऱ्या पेरणी तारखेचा डेटा पडताळणीसाठी बाजूला ठेवा.

ओलावा_मोजा:
ऑटोमॅटिक सिंचन आधी बंद करा. त्यात पिकाला ताण बसतच नाही, म्हणून आकडा फुगतो. पाळ्यांच्या खऱ्या तारखा आणि दिलेलं पाणी मिलिमीटरमध्ये घाला. मुकुटमुळे फुटण्याच्या वेळचं, १८ ते २१ दिवसांचं पाणी चुकलं असेल तर ते दिसायलाच हवं.

सुरुवातीचा ओलावाही बघा. १ जूनपासून पडीक जमीन धरून सिम्युलेशन चालवलं तर थर काठोकाठ भरलेले मिळतात, शेतात मात्र सोयाबीनने पाणी ओढलेलं असतं. पेरणीआधी १५ सेंमीच्या थरांनी ९० सेंमीपर्यंत नमुने घ्या. भट्टीतून येतो तो वजनी ओलावा. मॉडेलला आकारमानी ओलावा लागतो, म्हणून तो मातीच्या घनतेने गुणा. २५ टक्के ओलावा आणि १.३ घनता म्हणजे ०.३२५. इथे सर्रास ०.२५ भरलं जातं.

अ‍ॅग्रोमेट:
उपग्रहाच्या ग्रिडवरचं सौर प्रारण वापरत असाल तर जवळच्या वेधशाळेच्या सूर्यप्रकाशाच्या तासांवरून ताडून पाहा: वातावरणाबाहेरचं प्रारण गुणिले (०.२५ + ०.५० × प्रत्यक्ष तास ÷ शक्य तास). एकक मेगाज्यूल प्रति चौरस मीटर प्रतिदिन.

जोखमीसाठी १ व १५ नोव्हेंबर, १ व १५ डिसेंबर अशा चार तारखा प्रत्येक वर्षाच्या हवामानावर चालवा. हंगाम दोन वर्षांत पसरतो, तेव्हा पुढच्या वर्षाची हवामान फाइलही हवी. सरासरीवरून तारीख ठरवू नका. पाचातल्या एका वाईट वर्षी किती खाली जातं ते बघा, शेतकऱ्याला तोच आकडा लागतो. फुलोऱ्यात दोन-चार दिवस ३४ अंशांच्या वर गेले की दाणे कमी धरतात. मॉडेल हा फटका कमी दाखवतं, म्हणून असे दिवस वेगळे मोजा. तांबेरा, गारपीट आणि मार्चच्या वळवात गहू लोळणं यांचा तर त्यात हिशेबच नाही. त्यासाठी कापणीआधीच्या पंधरवड्यातला पाऊस वर्षवार काढून उत्पादनाच्या तक्त्याशेजारी ठेवा.